इंग्रजी येईपर्यंत पोरानं काय करायचं?

इंग्रजी न येणारं पोर इंग्रजी वर्गात गप्प बसलेलं असतं, तेव्हा त्याच्या डोक्यात काय चाललंय हे शोधून काढणं, हेच अनेक वर्षं माझं काम होतं. बँकॉकमधल्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत मी ‘ईएएल’ विभाग बघायची. इंग्लिश अ‍ॅज अ‍ॅन अ‍ॅडिशनल लँग्वेज, म्हणजे ज्यांच्या घरी दुसरीच भाषा आहे अशा मुलांना शाळेच्या इंग्रजीत पायावर उभं करणारा विभाग. कोरियन, जपानी, थाई, रशियन घरांतली पोरं. विज्ञान, गणित, इतिहास सगळं इंग्रजीत, आणि पहिल्या दिवशी त्यांच्याजवळ इंग्रजी किती, तर नाव-गाव सांगण्यापुरतं. इंग्रजी शिकायचं आणि त्याच वेळी इंग्रजीतून बाकी सगळंही शिकायचं.

आता मी यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात, आमच्या गावी राहते. आईला एकटं ठेवणं शक्य नव्हतं आणि वावरही बघायचं होतं. जवळच्या एका सेमी इंग्रजी शाळेतले सर जुन्या ओळखीचे. त्यांनी आग्रह केला म्हणून तिथं जाऊ लागले. मागच्या बाकावर बसून मी तिथं जे पाहते, तेच बँकॉकला रोज पाहत होते. तिथं त्या मुलाच्या मदतीला अख्खा विभाग होता. इथं त्याला ‘कच्चा’ म्हणून मागं बसवतात, आणि चांगली हुशार पोरं दोन-तीन वर्षांत स्वतःही ते मानू लागतात. हे मला सहन होत नाही, म्हणून लिहायला बसले.

आंतरराष्ट्रीय शाळा म्हणजे साहेब लोकांच्या मुलांची शाळा, असं गावात अजूनही वाटतं. सुरुवात तशीच झाली होती. १९२४ साली जिनिव्हात राष्ट्रसंघात काम करणाऱ्यांच्या मुलांसाठी अशी शाळा निघाली. १९६८ मध्ये त्याच शहरात इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, म्हणजे आयबी, ही संस्था स्थापन झाली. आईबापांची बदली कुठल्याही देशात झाली तरी मुलाचं शिक्षण तुटू नये, हा हेतू. आज आशियातल्या अशा शाळांत बहुसंख्य मुलं त्या त्या देशातल्याच पैसेवाल्या घरांतली असतात. घरची भाषा एक, शाळेची दुसरी, आणि आईबापांची इच्छा एवढीच की पोरगं फाडफाड इंग्रजी बोललं पाहिजे. फीचे आकडे सोडले, तर बँकॉकचे ते पालक आणि आपल्याकडे कॉन्व्हेंटच्या फाटकावर व्हॅनची वाट बघत उभे असलेले पालक, यांच्यात मला फार फरक दिसत नाही.

नवं मूल आलं की पहिले काही महिने ते बहुधा बोलतच नाही. शिक्षक घाबरतात, पालक त्याहून जास्त. स्टीफन क्रॅशन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञांनी या गप्प राहण्याच्या काळाबद्दल ठासून सांगितलं आहे: मूल ऐकत असतं, साठवत असतं, त्याला कळेल असं ऐकायला मिळालं आणि मनात धास्ती नसली, तर बोलणं मागून येतं. क्रॅशन यांचं सगळं मला पटत नाही. नुसतं ऐकून परीक्षेतला परिच्छेद लिहिता येत नाही, तो शिकवावाच लागतो. पण गप्प बसण्याबद्दल ते शंभर टक्के बरोबर आहेत.

सहावीत एक कोरियन मुलगी आली होती. कित्येक आठवडे तोंडातून शब्द नाही. विज्ञानाच्या शिक्षकांचं मत झालं की हिला विषयच झेपत नाही. आम्ही त्यांचाच प्रश्न तिला कोरियनमध्ये लिहायला दिला आणि कोरियन जाणणाऱ्या सहकाऱ्याकडून उत्तर वाचून घेतलं. पानभर मजकूर, आकृतीसकट, आणि वर्गातल्या बहुतेकांपेक्षा नेमका. घरच्या भाषेत मूल कसं आहे हे विचारल्याशिवाय त्याच्याबद्दल काहीही ठरवायचं नाही, हा आमच्या विभागाचा पहिला नियम होता. घरच्या भाषेतही ते अडत असेल, तर अडचण वेगळी आणि तिची तपासणीही वेगळी. फक्त इंग्रजीत अडत असेल, तर त्याला भाषा द्यायची आणि डोकं चालू ठेवायचं.

याच्या उलटी फसगत पुढं होते, आणि ती जास्त धोक्याची. वर्ष-दीड वर्षानं तेच मूल मैदानावर मस्त इंग्रजी बोलू लागतं. भांडतं, विनोद सांगतं, कॅन्टीनमध्ये ऑर्डर देतं. सगळे म्हणतात, झालं, आलं हिला इंग्रजी, आता मदत बंद करा. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या: रोजच्या बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा. पहिली साधारण दोन वर्षांत येते. दुसरीत वयाच्या मुलांच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात, काहींना त्याहूनही जास्त. तिसरीत आलेलं मूल आठवीपर्यंत आधारावर असणं हे त्याचं अपयश नव्हे. भाषा शिकण्याचा वेगच तेवढा आहे.

आपल्या गावात ही फसगत गॅदरिंगच्या स्टेजवर होते. पोरगी न अडखळता इंग्रजी कविता म्हणते, ‘गुड मॉर्निंग रिस्पेक्टेड टीचर्स’ म्हणून भाषण ठोकते, टाळ्या पडतात, बाप मोबाइलवर शूटिंग करतो. दुसऱ्या दिवशी गणितातलं शाब्दिक उदाहरण तिला कळत नाही. पुस्तकात जाड टाइपात छापलेले शब्द ती पाठ करते. ‘देअरफोर’, ‘अनलेस’, ‘हाऊ मेनी मोअर दॅन’ हे जाड टाइपात नसतं, म्हणून कुणी शिकवत नाही. आणि गणित तर तिथंच असतं.

विभाग चालवणं म्हणजे नेमकं काय करायचं, हे सरांनी मला विचारलं. मुलं वर्गातून उचलून वेगळ्या खोलीत नेणं सगळ्यात सोपं. पहिल्या काही महिन्यांत थोडं तसं करावंही लागतं. पण त्या तासाला वर्गात जे शिकवलं ते बुडतं. आणि खेळाच्या किंवा चित्रकलेच्या तासाला नेलं, तर भाषेशिवाय मान मिळण्याची त्याची एकुलती जागा आपण काढून घेतो. म्हणून ईएएल शिक्षकानं वर्गातच जावं आणि विषय शिक्षकाबरोबर मिळून शिकवावं, हे मला पटलेलं आहे. आयबी तर म्हणतंच की प्रत्येक शिक्षक हा भाषेचा शिक्षक आहे, आणि त्यांच्या शाळांना लेखी भाषा-धोरण ठेवावं लागतं. पण कागदावरचं धोरण वर्गात उतरतं केव्हा? त्या दोन शिक्षकांना एकत्र बसून पुढच्या आठवड्याचे धडे बघायला वेळापत्रकात वेळ मिळतो तेव्हा. तो नसला की ईएएल शिक्षक मागं उभा राहून कानात कुजबुजणारा मदतनीस होतो. व्यवस्थापनाशी माझे सगळ्यात जास्त वाद त्या एका तासिकेवरून झाले. बाकी पुस्तकं, कॉम्प्युटर, रंगीत तक्ते मागितले की मिळायचे.

काही शाळा या मदतीची वेगळी फी घेतात. ते मला तेव्हाही चूक वाटायचं, आजही वाटतं. पैसे मोजावे लागले की पालक पहिल्या दिवसापासून ‘कधी सुटेल’ हेच विचारतात, मुलालाही आपण दंड भरतोय असं वाटतं, आणि पाच वर्षांचं काम दीड वर्षात गुंडाळलं जातं.

आता आमच्या शाळेतला एक तास सांगते.

सरांनी फुलपाखराचं जीवनचक्र घेतलं होतं. फळ्यावर चार चित्रं, खाली एग, लार्व्हा, प्युपा, अ‍ॅडल्ट. वर्गानं एका सुरात म्हणून दाखवलं. मी तिसऱ्या रांगेतल्या एका पोराला विचारलं, लार्व्हा म्हणजे काय रे? तो उभा राहिला आणि म्हणाला, ‘लार्व्हा इज द सेकंड स्टेज.’ पुढं? पुढं काही नाही. मान खाली. सर माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, याचं असंच आहे.

मी त्याला विचारलं, तुमच्या पऱ्हाटीवर (कपाशीवर) गुलाबी बोंडअळी येते का? ती येते कुठून?

‘पाखरू येते ना मॅडम रात्री,’ तो म्हणाला. ‘ते पात्यायवर, फुलावर अंडे घालते. त्यातून बारीक अळी निंघते, ते बोंडात घुसते. वरून बोंड चांगलंच दिसते, पण आतमंदी सरकी खाऊन टाकते. मोठी झाली का भोक पाडून बाहेर येते अन् मातीत कोष करते. मंग त्याचं पुन्हा पाखरू. म्हणून त आमचे बाबा फरदड ठेवत नाही. पऱ्हाटी उभीच ठेवली त तिले खायले भेटते न्, मंग पुढच्या सालाले अजून येते.’

वर्ग हसला नाही. सगळ्यांना हे माहीत होतं. २०१७ साली याच अळीनं विदर्भातल्या कापसाचं जे केलं ते या पोरांच्या घरात अजून बोललं जातं. जीवनचक्र, त्यातली कुठली पायरी तोडली की कीड आटोक्यात येते, आणि ती का तोडायची, एवढं सगळं तो एका दमात बोलला होता. त्या धड्याखालच्या स्वाध्यायात याच्या निम्मंही विचारलेलं नव्हतं.

उरलेल्या वेळात सरांनी आणि मी मिळून तास घेतला. आधी दोघादोघांत वऱ्हाडीत बोलायचं: बोंडअळी कुठल्या अवस्थेत दिसते, कुठल्या अवस्थेत दिसत नाही, कामगंध सापळ्यात, म्हणजे वासानं कीड ओढणाऱ्या सापळ्यात, कोण अडकतं, अळी की पाखरू? यावर चांगली हुज्जत झाली. मग फळ्यावर दोनच रकाने काढले, एकीकडं आपला शब्द, एकीकडं इंग्रजी: अळी आणि लार्व्हा, कोष आणि प्युपा, पाखरू आणि मॉथ, बोंड आणि बॉल. मग वाक्यांच्या सुरुवाती दिल्या: ‘फर्स्ट...’, ‘आफ्टर दॅट...’, ‘बिकॉज...’, ‘सो...’ आणि सांगितलं, तुमच्या वावरातली अळी इंग्रजीत लिहा, स्पेलिंगची चिंता नंतर.

त्या पोरानं चार वाक्यं लिहिली. त्यातलं एक असं होतं: ‘द लार्व्हा ईट्स द सीड इनसाइड द बॉल, सो फार्मर कॅनॉट सी इट.’ व्याकरण बघणारा ‘फार्मर’च्या आधीचं राहून गेलेलं ‘द’ दाखवेल. मला त्या वाक्यातला ‘सो’ दिसला. त्या शब्दाच्या अलीकडचं आणि पलीकडचं दोन्ही त्यानं स्वतः जोडलं होतं, कुठून उतरवलं नव्हतं. सरांनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि वही शेजारच्या वर्गावरच्या मॅडमना दाखवायला घेऊन गेले.

यात मी नवं काही केलं नाही. वेल्समधले शिक्षणतज्ज्ञ केन विल्यम्स यांनी वेल्श आणि इंग्रजी अशा दोन भाषांच्या वर्गात हेच आखून दाखवलं होतं: एका भाषेत वाचायचं-बोलायचं, दुसरीत लिहायचं, म्हणजे विचार मधल्या मध्ये पक्का होतो. आणि कमिन्स यांचं म्हणणं असं की मुलाच्या दोन भाषा वरून वेगळ्या दिसल्या तरी समज खाली एकच असते. शेजारशेजारच्या दोन विहिरींना जसा एकच झरा असावा. वऱ्हाडीत खोल गेलेलं पोर इंग्रजीतही खोल जाऊ शकतं. वऱ्हाडीची विहीर बुजवली म्हणून इंग्रजीच्या विहिरीला जास्त पाणी लागत नाही.

पण आपल्याकडं बुजवायचंच काम जोरात चालू आहे. गावातल्या एका बाईची पोरगी कॉन्व्हेंटला केजी टूमध्ये आहे. आई सातवी शिकलेली, निंदणाला जाते, बोलायला अतिशय गोड, गोष्टी सांगायला लागली की बायका काम थांबवून ऐकतात. तिला शाळेतून सांगण्यात आलं, घरी मुलीशी इंग्रजीच बोला. ती मला म्हणाली, ‘ताई, मले त इंग्लिश येत नाही. चुकीचं बोललो त पोरीचं बिघडन म्हणतात. मंग मी कमीच बोलतो आता तिच्यासंग.’

जगातली कुठलीही चांगली आंतरराष्ट्रीय शाळा आज पालकांना असं सांगणार नाही. आम्ही तर पालकसभेत अगदी उलटं सांगायचो, आणि ते पटवायला घाम निघायचा: घरी तुमच्याच भाषेत बोला, तिच्यातच गोष्टी सांगा, बाजारात नेऊन भाव विचारायला लावा, शाळेत काय शिकवलं ते तिच्यात समजावून सांगायला लावा. तुमची मोडकी इंग्रजी ऐकून मुलाची इंग्रजी सुधारत नाही. तुमची भरभक्कम कोरियन ऐकून त्याची बुद्धी वाढते आणि ती बुद्धी पुढं इंग्रजीला कामी येते. आयबीच्या अकरावी-बारावीत तर शाळेत शिक्षक नसला तरी आपल्या मातृभाषेतलं साहित्य शाळेच्या देखरेखीखाली स्वतः शिकून परीक्षेला बसण्याची सोय आहे. लाखोंची फी घेणाऱ्या शाळा मातृभाषा जपायला सांगतात, आणि इथं हजाराची फी घेणारी शाळा निंदणाला जाणाऱ्या आईला मुलीशी बोलू नको म्हणते. मी त्या बाईला सांगितलं, जेवढ्या गोष्टी येतात तेवढ्या सांग. रोज सांग. जरूर पडली तर मी शाळेत येऊन बोलते.

वऱ्हाडी तरी मराठीचीच बोली. आमच्या तालुक्यातल्या कोलाम आदिवासींच्या पोडांवरच्या, म्हणजे वस्त्यांवरच्या, पोरांचं काय? त्यांची कोलामी ही द्राविडी कुळातली, गोंडीही तशीच. मेळघाटातली कोरकू तर मुंडा भाषा, मराठीशी दूरचंही नातं नाही. या पोरांसाठी पहिलीतली मराठीच परकी असते, आणि तीही हातात येण्याआधी इंग्रजी येऊन बसते. २०११ च्या जनगणनेत देशभर गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख आणि कोरकू बोलणारे सात लाखांवर मोजले गेले, तरी या दोन्ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाहीत. बँकॉकच्या शाळेत अशा मुलाला आम्ही पहिल्या पातळीवर नोंदवलं असतं, घरची भाषा कोणती ते प्रवेशाच्या अर्जातच लिहून घेतलं असतं आणि वर्गशिक्षकाला पहिल्या दिवसाआधी कळवलं असतं. आपल्या शाळेच्या दाखल्यावर मातृभाषेच्या रकान्यात बहुतेकांच्या नावापुढं ‘मराठी’ लिहून मोकळं होतात. सरांबरोबर बसून आम्ही एका वर्गाचा तो रकाना पुन्हा विचारून भरला. कोलामी बोलणारी पोरं निघाली, घरी गोंडी बोलणारी निघाली, आणि सर त्यांना दोन वर्षांपासून शिकवत होते.

वर्धा नदी ओलांडली की पलीकडं सेवाग्राम. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली होती. शिक्षण मातृभाषेतून आणि हाताच्या कामाला धरून असावं, असा ठराव तिथं झाला आणि झाकीर हुसेन यांच्या समितीनं त्याचा अभ्यासक्रम केला. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्यातही शक्य तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं असं कलम आहे. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात किमान पाचवीपर्यंत, शक्य तिथं. म्हणजे आपल्याच भागात मांडलेली गोष्ट इतक्या वर्षांनी ‘शक्य तिथं’ एवढ्यावर येऊन थांबली आहे. आणि बोंडअळीवरून जीवनचक्र शिकणं हे त्या १९३७ च्या अभ्यासक्रमात अगदी बसलं असतं.

तरीही ‘मराठीतच शिका, इंग्रजीच्या मागं लागू नका’ असं मी गावात कुणाला सांगत नाही. ज्यांची स्वतःची पोरं इंग्रजी शाळेत आहेत अशा लोकांनी शेतमजुराला हा उपदेश करावा, याचा मला संताप येतो. इंग्रजी या पोरांना लागणार आहे. नागपूरच्या कॉलेजात लागेल, पुण्याच्या मुलाखतीत लागेल, औषधाच्या डब्यावरचं वाचायला लागेल. पालकांचा हट्ट रास्त आहे. त्यांनी जे मागितलं ते त्यांना खरंच मिळावं, एवढंच माझं म्हणणं. पाठ केलेलं ‘लार्व्हा इज द सेकंड स्टेज’ देऊन त्यांना वाटेला लावू नये.

अडचणी भरपूर आहेत. शिक्षकांनाच इंग्रजीची धास्ती आहे आणि तीही कुणी कधी समजून घेतलेली नाही. एका वर्गावर चाळीस-पन्नास पोरं. वेगळा ईएएल शिक्षक नेमायला कुठून पैसे येणार? म्हणून आम्ही फार थोडं धरलं आहे. विदर्भात उन्हामुळं शाळा जूनच्या शेवटी उघडते. त्याआधी सरांनी मुख्याध्यापकांकडून आठवड्याची एक तासिका मागून घेतली आहे. विज्ञान, गणित आणि इंग्रजीचे शिक्षक तेव्हा एकत्र बसून पुढच्या धड्यातली अडणारी वाक्यं काढतील. घटक चाचणीत दोन प्रश्न असे असतील की उत्तर मराठीत किंवा आकृतीत दिलं तरी पूर्ण गुण. नवीन मुलाला पहिली तिमाही उभं करून बोलायला लावायचं नाही, मान हलवली, चित्र दाखवलं तरी चालेल. आणि प्रवेशाच्या वेळी आईला विचारायचं, घरी कोणती भाषा बोलता, आणि ती जे सांगेल तेच लिहायचं.

मुख्य अडकलं आहे ते कोलामीवर. पहिली-दुसरीच्या विज्ञान-गणितातले नेहमीचे शब्द कोलामीत हवे आहेत: कमी, जास्त, सारखं, आत, बाहेर, आधी, नंतर, मोजणे, जोडणे, वाढणे. पोडावरच्या दोन आजींबरोबर बसून आम्ही सुरुवात केली आहे, पण गावागावाप्रमाणे उच्चार बदलतो. केळापूर, मारेगाव, झरी जामणी भागात शिकवणाऱ्या कुणी शिक्षकांनी असे शब्द जमवले असतील, वहीत असोत की मोबाइलवर रेकॉर्ड केलेले, तर कळवा. घ्यायला मी येईन.